जर्मन चकातली शेवटची जागा

चंद्रपूरला निघालोय म्हटल्यावर आमच्या पुण्यातल्या सोसायटीत प्रत्येकानं एकच विचारलं, "ताडोबा?" नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा व्हायचा की जणू आम्ही तिरुपतीला जाऊन फक्त लाडू घेऊन परत येणार आहोत. पण माझ्या नवऱ्याला, म्हणजे अविनाशला, सगळे बघतात ते बघायचं नसतं. निवृत्त झाल्यापासून तो जिथं कोणी जात नाही तिथंच जातो. लोक जात नाहीत याला काही कारण असू शकेल, हे त्याला पटवणं मी सोडून दिलंय. गेल्या वर्षी त्यानं मला एका बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या चिमणीखाली उभं करून फोटो काढले. मी त्या फोटोंत हसतेय, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

यंदा त्याला पोंभुर्ण्याच्या जंगलपट्ट्यात चार पिढ्या शेती करणारं एक जर्मन कुटुंब सापडलं. चंद्रपुरात त्याचा एक जुना सहकारी आहे, त्यानं नंबर दिला, बोलणं झालं, राहायची सोय त्यांच्याच घरी झाली. "त्यांचं स्वतःचं कबरस्तानसुद्धा आहे," अविनाश म्हणाला. लोक 'स्विमिंग पूलसुद्धा आहे' म्हणतात ना, त्याच सुरात. मग महिनाभर तो सकाळी दाढी करताना मोबाइलवरून जर्मन शिकत होता. घरात मोबाइलमधल्या बाईचं जर्मन आणि अविनाशचं जर्मन, असा सकाळचा कार्यक्रम चालायचा. दोघांत बाई जास्त सहनशील होती.

पोंभुर्ण्याच्या पुढे

पोंभुर्ण्यापर्यंत रस्ता चांगला आहे. तिथून पुढे तो आहे, एवढंच म्हणता येईल. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, मध्येच मोकळं रान, आणि त्यात पाण्यानं भरलेल्या बांध्या. बांधी म्हणजे धानाचं वाफ्यासारखं शेत, चारही बाजूंनी मातीचा धुरा घातलेलं. रोवणीचे दिवस होते. बायका ओळीनं वाकून पऱ्हे लावत होत्या, म्हणजे भाताची रोपं. आमची गाडी बघून त्यांनी माना वर केल्या आणि लगेच खाली घातल्या. आम्ही फार बघण्यासारखे नव्हतो.

चकाच्या अलीकडे गाडी चिखलात रुतली. या भागात 'चक' म्हणजे कधीकाळी कोणाला तरी तोडून दिलेला जमिनीचा तुकडा, आणि तशा नावाची गावं इकडं पुष्कळ आहेत. आमच्या चकाचं नाव सरळ 'जर्मन चक'. अविनाशनं खाली उतरून चाकाकडे बराच वेळ पाहिलं. त्याचा चाकावर काही परिणाम झाला नाही. तेवढ्यात समोरून ट्रॅक्टर आला. त्यावर सत्तरीचा एक उंच माणूस, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला दुपट्टा, अंगात बनियन, आणि डोळे मात्र मांजरासारखे घारे. अविनाशनं खाकरून घसा साफ केला.

"गुटेन टाग."

"रामराम भाऊ," तो माणूस म्हणाला. "गाडी न्यूट्रल करा. अन् बाईले उतरवून घ्या, वजन कमी होते."

माझ्या वजनाबद्दल इतक्या सरळपणे आजवर कोणी बोललं नव्हतं. हेच आमचे यजमान योहानभाऊ. महिनाभराची दाढीतली तपश्चर्या तिथंच रस्त्यावर संपली. योहानभाऊंना जर्मन येत नाही. एकपासून दहापर्यंत आकडे येतात आणि जेवणाआधीची एक प्रार्थना येते, तीही अर्थासकट नाही.

घर

घर कवेलूचं, म्हणजे कौलारू, भिंती मातीच्या, छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, धानाची पोती. पणजोबा कुठल्याशा मिशनबरोबर सुतार म्हणून आले होते. मिशनशी पटलं नाही, की मिशनचं त्यांच्याशी पटलं नाही, हे आता कोणालाच ठाऊक नाही. त्यांनी जंगल तोडून बांध्या काढल्या, पाण्यासाठी बोडी, म्हणजे छोटं तळं, खणलं आणि इथंच राहिले. पुढच्या पिढ्यांनी इथल्याच बायका केल्या. योहानभाऊंची आई राजम्मा, ही सिरोंच्याकडची तेलुगू बोलणारी. या सगळ्यातून आता दोघंच उरलीत. एक योहानभाऊ, लग्नच न केलेले. दुसरी त्यांची थोरली बहीण लीनाबाई, बल्लारपूरला दिली होती, नवरा वारल्यावर परत आली.

लीनाबाई ठेंगणी, काळीसावळी, आईवर गेलेली. नऊवारी नाही, पातळ नाही, साधी गोल साडी, आणि आवाज असा की बोडीपलीकडच्या माणसाला फोन करायची गरज नाही. तिनं आम्हाला पाणी दिलं आणि पाठोपाठ भावासमोर एक पेला आदळला.

"काढा पी."

"सकाऊनच पेलो ना बाई."

"तो सकाऊनचा होता."

योहानभाऊंनी काढा पिऊन संपवला, तोंड पुसलं आणि कोनाड्यातून बीपी मोजायचं यंत्र काढून बहिणीचा दंड धरला. आकडा बघून त्यांनी मान हलवली. "मीठ कमी खाऊन राह्यली का तू?" मग जेवताना त्यांनी तिच्या पानातलं लोणचं उचललं, तिनं त्यांच्या पानातला मटणाचा चरबीवाला तुकडा उचलला. माझा सख्खा भाऊ मला दिवाळीला एक फॉरवर्ड केलेला मेसेज पाठवतो, त्यातही आधीच्या माणसाचं नाव खोडायला विसरतो. या वयात भावंडांची ही माया बघून मला खरोखर भरून आलं. मी अविनाशला तसं म्हटलंही. किती मूर्ख होते मी.

जेवण मात्र फार सुंदर. मटण-भात, वास्त्यांची भाजी (वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब), जवसाची चटणी, आणि एका बरणीतून काढलेला आंबट कोबी. हा कोबी म्हणजे घरातलं उरलेलं जर्मनपण. मीठ लावून आंबवतात. गावातले लोक त्याला सडका कोबी म्हणतात आणि लग्नकार्यात हमखास मागून नेतात. अविनाशनं तो तीनदा वाढून घेतला, कारण त्याला तो बघायला आलेल्या गोष्टींत धरायचा होता. त्याचा परिणाम पुढं दिवसभर त्याला जाणवला, आणि थोडा मलाही.

कबरस्तान

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. योहानभाऊ पुढं, हातात काठी, मधून मधून मोठ्यानं खोकत. मला वाटलं छातीत कफ आहे. "नाई बाई, वाघ ऐकून घेते अन् बाजूले होते," ते म्हणाले. ताडोबात जिप्सीचं बुकिंग करून, पहाटे उठून, तोंडावर फडकं बांधून लोक जे शोधतात, ते इथं खोकून टाळतात. मी उरलेला रस्ता मनापासून खोकत गेले.

कबरस्तान बांध्यांच्या मधोमध एका मुरमाड उंचवट्यावर आहे. भोवती दगडाची कमरेएवढी भिंत, आत चाफ्याचं एक झाड, एका बाजूला बोडीचं पाणी आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना धान. इतकी शांत, इतकी नीटनेटकी जागा मी बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती. पणजोबा हाइनरिक, पणजी विल्हेल्मिना, मग त्यांची मुलंसुना, ओळीनं. जुन्या दगडांवर वळणदार परदेशी अक्षरं, मधल्यांवर इंग्रजी, आणि शेवटच्यावर देवनागरीत 'राजम्मा'. एक कुटुंब इथलंच कसं होत गेलं ते दगडांवर दिसत होतं. राजम्मांच्या पलीकडे भिंतीला लागून एक माणूस मावेल एवढी मोकळी जागा होती, सारवून, पांढरी रांगोळी काढून ठेवलेली.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"मायी," योहानभाऊ म्हणाले. इकडं 'मायी' म्हणजे 'माझी'.

"मायी," मागून लीनाबाईंचा आवाज आला. त्या आमच्या मागोमाग आल्याच होत्या.

मग सगळं बाहेर आलं. जागा एकच उरलीय, आईच्या कुशीशी. दोघांनाही तीच हवी. योहानभाऊंचं म्हणणं, दिलेल्या मुलीची जागा नवऱ्यापाशी, बल्लारपूरला तिच्या नावानं जागा राखलेलीच आहे. लीनाबाईंचं म्हणणं, "तो मानूस जित्तेपनी कधी माया बाजूले बसून जेवला नाई. आता मेल्यावर त्याच्या बाजूले काऊन झोपू?" शिवाय आईचं शेवटचं दुखणं तिनं काढलं. शिवाय ती थोरली. यावर योहानभाऊ म्हणाले की आईची जमीन त्यांनी राखली. हे संभाषण दोघांना इतकं पाठ होतं की एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू व्हायचं.

भिंत पुढं सरकवत का नाही, असं अविनाशनं विचारलं. दोघंही पहिल्यांदाच एकत्र त्याच्याकडे बघायला लागले. पणजोबांनी मुद्दाम नांगर न लागणारा मुरूम कबरस्तानासाठी निवडला आणि सांगून ठेवलं, की जिथं धान पिकतं तिथं आपल्यातल्या कोणाला पुरायचं नाही. भिंतीबाहेर आहे ती मोठी बांधी, चकातली सगळ्यांत चांगली. ती वीतभरसुद्धा कमी करायची नाही. आणि एकावर एक? खाली पाषाण लागतो, एकच माणूस मावतो. मग तोडगा काय? जो आधी जाईल त्याची जागा. यावर मात्र दोघांचं एकमत आहे, आणि तेवढ्यासाठीच दोघं एकमेकांना काढे पाजतात, मीठ तोडतात, गोळ्या मोजून देतात. एकानं आधी जायचं म्हटलं तरी दुसरा जाऊ देत नाही.

आमच्या सोसायटीत पार्किंगच्या एका जागेवरून दोन कुटुंबं कोर्टात गेलीत, पण एकमेकांची तब्येत सांभाळायचं त्यांना सुचलं नाही. मी तिथं हसले. मोठ्यानं हसले, आणि लीनाबाईही हसल्या, पण योहानभाऊ हसले नाहीत. ते त्या रांगोळीकडे बघत उभे राहिले.

अविनाशला गप्प बसवत नाही. तो म्हणाला की जर्मनीत तर आता कबरीची जागा काही वर्षांच्या कराराने देतात, करार संपला की दगड काढतात आणि दुसऱ्याला देतात. त्याला वाटलं, आपण ज्ञानात भर घातली. लीनाबाईंनी विचारलं,

"मंग त्या आधीच्या मानसाले कुठी टाकतेत?"

मोबाइलमधल्या बाईनं हे शिकवलं नव्हतं.

तिसरा दिवस

सकाळी चहाला लीनाबाई उठल्या नाहीत. योहानभाऊ आत गेले आणि त्यांची हाक ऐकून मी धावले. अंग भट्टीसारखं तापलेलं, दात वाजतायत, आणि वर म्हणतायत, "काई नाई झालं, रोवनीचे बाया आल्या का पाह्य." गावातल्या आशाताईंना बोलावलं. आशाताई म्हणजे सरकारी आरोग्याचं काम बघणारी गावातलीच बाई. तिनं कमरेवर हात ठेवून सांगितलं की ती परवाच तापाचं रक्त तपासायला आली होती, लीनाबाईंनी तिला ओसरीवरूनच पळवून लावलं. आता बोटाला सुई टोचली, पट्टी बघितली आणि म्हणाली, "मलेरिया हाये, तोबी वाईट. आताच्या आता न्या."

परवा. म्हणजे लीनाबाई आम्हाला जेवायला वाढत होत्या, माझ्याबरोबर कबरस्तानात उभ्या राहून हसत होत्या, तेव्हा त्यांना ताप होता.

आमचीच गाडी काढली. मी पुढं, मागच्या सीटवर योहानभाऊ आणि त्यांच्या मांडीवर लीनाबाईंचं डोकं. अविनाश आयुष्यात पहिल्यांदा एकही प्रेक्षणीय स्थळ न दाखवता गाडी चालवत होता. जंगल संपलं तसे योहानभाऊ बोलले, आणि त्यांचा आवाज इतका चिरकला होता की मी मागं वळून पाहिलं.

"ताप लपवला तुनं बाई. जागेसाठी लपवला. बेइमानी केली तुनं."

"तूबी केली," लीनाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "मांगच्या साली छातीत दुखे तुया. मले सांगतलं का? भिंतीले टेकून बसे, अन् म्हने कमर दुखते."

योहानभाऊ रडायला लागले, अगदी उघड, दुपट्ट्यानं नाकडोळे पुसत. सत्तरीचा माणूस बहिणीच्या कपाळावर हात ठेवून रडत होता आणि ती त्याला म्हणत होती, "चूप बस, बाहेरचे मानसं हायेत." बाहेरची माणसं म्हणजे आम्ही. आम्ही समोरच्या काचेतून फार लक्ष देऊन रस्ता बघत होतो.

चंद्रपूर

दवाखान्यात लीनाबाईंना बायकांच्या वॉर्डात ठेवलं. तिथं पुरुषाला थांबू देईनात. रोवणीच्या बाया ठरलेल्या, पऱ्हे उपटून ठेवलेले, ते वाळले तर वर्ष जाणार. लीनाबाईंनीच भावाला हाकललं. अविनाश त्यांना सोडायला परत चकावर गेला आणि मदत करायची म्हणून तिथंच राहिला. त्याच्या मदतीबद्दल मला नंतर जे कळलं, ते असं की बायांनी त्याला धुऱ्यावर बसवून छत्री धरायला दिली होती. मी बाकावर पाय आखडून लीनाबाईंपाशी थांबले. प्रवासाला येऊन दवाखान्यातली डाळखिचडी खाणारी मी पहिलीच नसेन, पण स्वतः धडधाकट असताना खाणारी बहुधा असेन.

ताप उतरला तशा त्या बोलायला लागल्या. मी त्यांना सरळच विचारलं, "खरंच लपवला होता ताप?"

"लपवला." त्या छताकडे बघत होत्या. "आधी वाटलं, बरं झालं, मायपाशी जातो. मंग गाडीत तो रडला. लहानपनी रडे तसाच." जरा थांबून म्हणाल्या, "मी गेली तर त्याले काढा कोन देईल, हा इचार मले आधी आलाच नाई, बाई. जागाच दिसे डोळ्यासमोर."

मी त्यांना पाणी दिलं.

परत चकावर

डॉक्टरांनी घरी सोडताना विश्रांती घ्यायला सांगितली. अविनाश गाडी घेऊन आला. एवढंच म्हणाला, "योहानभाऊंनी एक केलंय. बघशीलच." अविनाश काही सांगायचं राखून ठेवतो म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

लीनाबाई घरी जायला तयार नव्हत्या, आधी रोवणी दाखवा म्हणाल्या. गाडी बांधीच्या कडेपर्यंत नेली. सगळीकडे पोपटी पऱ्हे उभे राहिले होते, मोठी बांधीही रोवून झाली होती. फक्त कबरस्तानाच्या भिंतीला लागून एक पट्टा तसाच सोडलेला, नुसता चिखल आणि त्यावर साचलेलं पाणी. आणि त्या बाजूची भिंत काढलेली. दगड नीट रचून बाजूला ठेवलेले होते. मोकळी जागा आणि पट्टा आता एकच झाले होते. रोवणीच्या बाया धुऱ्यावर उभ्या राहून पदराआडून बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, "चार पिढ्यांत कोनी भिंतीले हात लावला नाई. भाऊनं लावला."

योहानभाऊ दुपट्टा हातात घेऊन उभे होते. ते बहिणीच्या तोंडाकडे बघत नव्हते.

"आता भांडन नाई बाई," ते म्हणाले. "तू मायपाशी. मी तुयापाशी. पनज्याले मी सांगतो काय सांगाचं ते."

लीनाबाई गाडीचं दार धरून उभ्या होत्या. अंगात बळ नव्हतं, हे माझ्या खांद्यावरच्या त्यांच्या हातावरून कळत होतं. त्यांनी उघड्या भिंतीकडे पाहिलं, आईच्या दगडाकडे पाहिलं, मग त्या चिखलाच्या पट्ट्याकडे. मला वाटलं आता रडतील. मी रुमालही काढला होता, स्वतःसाठीच.

"पऱ्हे उरले का?" त्यांनी बायांना विचारलं.

"हायेत दोन-चार पेंढ्या."

"आना."

मी म्हटलं, डॉक्टरांनी काय सांगितलंय. त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. साडी खोचली, चपला धुऱ्यावर काढल्या आणि चिखलात उतरल्या. पहिली तीन-चार रोपं लावून कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या. दम लागला होता, पण आवाज बोडीपलीकडे गेलाच.

"एवढी चांगली जमीन पडीक टाकतेत काय रे? कोन मेलं आज?"

"बाई, मी तुयासाठीच..."

"मले समजते कोनासाठी ते. गोटे तिथीच राहू दे. भिंत तशीच उघडी राहू दे. पन यंदा धान निघू दे इथून, मंग पुढच्या साली पाहू." त्या पुन्हा वाकल्या. "नाई तर त्याच्या पुढच्या साली."

योहानभाऊ दुपट्टा डोक्याला गुंडाळून चिखलात उतरले आणि त्यांनी पऱ्ह्यांची दुसरी पेंढी सोडून तिच्या हातात दिली.